डोक्यापुरता कागद

शाळेत वेशभूषा स्पर्धा असली की आदल्या रात्री आमची बेल वाजते. दारात दुसरीतलं एखादं पोर, मागे ओशाळलेली आई. "काका, उद्या मला नेहरू व्हायचंय." जाकीट मिळालेलं असतं, गुलाब फ्रिजमध्ये असतो. अडलेलं असतं टोपीपाशी.

अडणारच. आपल्याकडे माणूस डोक्यावरून ओळखतात. उपरणं काय, कुणाच्याही खांद्यावर चालतं. लाल पगडी आली की टिळक, पागोटं आलं की जोतिबा. म्हणून शाळेचं वर्ष मी डोक्यांनीच मोजतो. २३ जुलै आणि १ ऑगस्टला टिळक, १४ नोव्हेंबरला नेहरू, १९ फेब्रुवारीला महाराज. ३ जानेवारीला सावित्रीबाई. तिथे पदर पुरतो, मला सुट्टी.

वर्तमानपत्राची त्रिकोणी टोपी कुणालाही येते. फक्त मापात येत नाही. जोडपानाची केली तर घेर मीटरभर भरतो आणि पोराचं डोकं असतं जेमतेम ५०-५२ सेंमी. टोपी थेट खांद्यावर उतरते. एकेरी पान घेतलं तरी घेर साठीच्या पुढेच जातो. त्यावरची युक्ती अशी: कोपरे मध्यावर आणून त्रिकोण झाला की खालची एक पट्टी वर वळवायची, टोपी पालथी करायची, दोन्ही बाजूच्या कडा दोन-दोन बोटं आत मोडायच्या आणि दुसरी पट्टी त्यांच्यावर दाबून बसवायची. डिंक नको, स्टेपलर तर नकोच. त्याची पिन नेमकी केसांत अडकते. घडीवरून नख मात्र दोनदा फिरवायचं.

ही हुशारी माझी नव्हे. अमेरिकेतल्या छापखान्यांत यंत्रावरचे कामगार कोऱ्या कागदाच्या चौकोनी टोप्या घडी घालून वापरत. शाई आणि कागदाचा भुसा केसांत जाऊ नये म्हणून. तेही कडा मोडूनच माप जमवत आणि वरचं टोक खाली आणून पट्टीत खोचत.

ते खोचलेलं टोकच नेहरूंच्या कामी येतं. झेरॉक्सवाल्याकडून एक पांढरा ए-थ्री कागद आणायचा आणि हेच सगळं करायचं, फक्त कडा एकेकच बोट मोडायच्या. टोक आत गेलं की माथा बसका होतो आणि तिसऱ्या रांगेतून ती गांधी टोपीच वाटते. पहिल्या रांगेत परीक्षक बसतात, पण त्यांचं लक्ष पोराचं भाषण कुठे अडतंय याकडे.

टिळकांची पगडी घडीत बसत नाही. तिला पुठ्ठा लागतो, लाल क्रेप पेपरचे पीळ लागतात, ती वेगळीच रात्र. माझा आवडता वासुदेव. कार्डशीटचा उंच शंकू आणि त्यावर मोरपिसं रंगवायची. खऱ्या पिसांचा हट्ट करू नये. पिसं जड नसतात, पण पोर मान हलवून ती डुलवत बसतं आणि गाणं विसरतं.

इलॅस्टिकबद्दल आयांशी माझा कायमचा वाद आहे. हनुवटीखाली घट्ट इलॅस्टिक आलं की पोर बोलायच्या ऐवजी ते ओढून सोडत राहतं, फट् फट्. त्यापेक्षा टोपीच्या आत कानांवर येतील अशा दोन साध्या केसांच्या पिना लावाव्यात. टक्कल केलेल्या पोरासाठी मात्र इलॅस्टिकच.