डीबगर धरून बसलेला असताना प्रोग्राम मेला तर

डीबगर म्हणजे दुसरा प्रोग्राम थांबवून आतून तपासणारं साधन. त्याची चाचणी म्हटलं की ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या जागा) लावायचे, स्टेप करायचं, व्हेरिएबल छापून बघायचे. प्रोग्राम मधेच मेला तर काय, हे तपासायला फार तर एक नल पॉइंटर, म्हणजे नसलेल्या पत्त्याला हात लावायची मुद्दाम केलेली चूक. पण ती अचानक मरणाची चाचणी नव्हेच. लिनक्सवर पीट्रेस (डीबगरला दुसरी प्रोसेस ताब्यात घेऊ देणारी कर्नलची सोय) लावलेल्या प्रोसेसला सिगसेग्व्ही, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल, आला की ती आधी थांबते, डीबगरला कळवते आणि पुढचं त्याच्यावर सोडते. पत्रिका छापून आलेलं मरण ते. सिगटर्म या संपायला सांगणाऱ्या सिग्नलचंही तसंच. न विचारता नेतो तो एकटा सिगकिल, आणि मेमरी संपल्यावर कर्नलचा ओओएम किलर (जागा मोकळी करायला प्रोसेस मारणारा भाग) तोच पाठवतो. म्हणून चाचणी त्याच्यावरच हवी.

प्रोग्राम साधा ठेवा: मेन फंक्शनमध्ये अलार्म ३०० (३०० सेकंदांनी सिगअलार्म येऊन प्रोसेस संपते), पुढे न संपणारा लूप. अलार्म यासाठी की चाचणी अर्धवट तुटली तर प्रोसेस मागे लोंबकळत राहू नये. जीडीबी, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा डीबगर, सिगअलार्मवर मुळात थांबत नाही, त्यामुळे तो मधे येत नाही. मेनवर थांबा, 'इन्फो इन्फिरियर्स'मधून पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्या आणि बाहेरच्या टर्मिनलमधून किल उणे ९, म्हणजे सिगकिल, द्या.

चाचणी बिघडते ती इथून पुढे. किल परतलं म्हणजे प्रोसेस मेली असं नाही, सिग्नल फक्त नोंदला गेला. बरेच जण इथे स्लीप २ टाकून मोकळे होतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कूलरच्या हवेत लॅपटॉप तापून प्रोसेसरचा वेग उतरतो, वरून चार चाचण्या सोबत सुरू. मग सकाळी पास झालेली चाचणी दुपारी फेल, आणि बाजूचा विचारतो, "काहून बे, काल तर चालत होती?" त्यापेक्षा प्रोकमधली (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतो त्या फोल्डरमधली) त्या पीआयडीची स्टेटस फाइल दर १०० मिलिसेकंदांनी वाचा. स्टेटमध्ये झेड, म्हणजे झोंबी (मेलेली, पण निकाल अजून कुणी न उचललेली प्रोसेस), दिसला किंवा फाइलच गायब झाली की पुढे जा. १० सेकंदांत काहीच झालं नाही तर चाचणी नापास. थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये सोबत चालणारे धागे) असतील तर तिथल्याच टास्क फोल्डरमधला प्रत्येक थ्रेड तपासा. मुख्य थ्रेड पीथ्रेड एक्झिट करून गेला असेल तर तोही झेडच दिसतो, बाकीचे मात्र जिवंत असतात.

आता डीबगरला वाटतंय प्रोग्राम थांबलेला आहे, आणि प्रत्यक्षात तो नाही. या अवस्थेतली पहिली कमांडच महत्त्वाची, कारण तिच्यानंतर डीबगरची समजूत बदललेली असू शकते. म्हणून स्टेपआय (एकच सूचना चालवणं), कंटिन्यू, किल, डिटॅच (प्रोसेस सोडून देणं), क्विट या प्रत्येकासाठी नवा प्रोग्राम सुरू करून नव्याने मारा. एकाच मेलेल्या प्रोसेसवर सगळ्या कमांड ओळीने चालवल्या तर खरी चाचणी पहिलीचीच होते.

'इन्फो रजिस्टर्स' फसवं आहे. रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागा) आधी एकदा वाचलेले असतील तर जीडीबी कॅशमधली जुनी किंमत निवांत दाखवतो. आधी 'मेंटेनन्स फ्लश रजिस्टर-कॅश' द्या, मग 'नो सच प्रोसेस' दिसेल. ब्रेकपॉइंट लावणं मात्र बिनबोभाट जमतं आणि तो दोष नाही. डिफॉल्ट सेटिंगमध्ये तो मेमरीत उतरतो कंटिन्यूच्या वेळी. कंटिन्यूवर 'प्रोग्राम टर्मिनेटेड विथ सिग्नल सिगकिल' आलं पाहिजे, आणि डॉलर अंडरस्कोर एक्झिटसिग्नल छापल्यावर ९. एवढ्यावर थांबू नका. थ्रेडची यादी रिकामी झाली का, पुन्हा रन दिल्यावर प्रोग्राम नीट सुरू होतो का, हेही बघा. प्रॉम्प्ट परत येत नसेल, तर बहुधा आधीच वेटपिडने (प्रोसेसच्या मरणाचा निकाल घेणाऱ्या कॉलने) उचललेल्या प्रोसेसची डीबगर अजून वाट बघतोय.

डीबगरच्या कोडात चुकीची मुख्य जागा म्हणजे ईएसआरसीएच, तोच 'नो सच प्रोसेस' एरर. पीट्रेसकडून तो आला की 'मेला' असा निकाल देऊन टाकायचा मोह होतो. पण प्रोसेस थांबलेली नसेल किंवा ती आपण ट्रेस करत नसू, तरी हाच एरर येतो. म्हणून स्टेट वाचावी लागते: बारीक टी असेल तर प्रोसेस ट्रेसमध्ये थांबलेली आहे आणि एरर खराच गंभीर; झेड, एक्स (मेलेली) किंवा फाइलच नाही, तर एरर गिळून वेटपिडच्या निकालाकडे वळायचं. हा रस्ता तपासायला एक थ्रेड ब्रेकपॉइंटवर पुन्हापुन्हा येत राहील आणि दुसरा मधेच एक्झिट करेल असा प्रोग्राम लिहा. एकदा पास झाला म्हणून सोडू नका, शंभरदा फिरवा.

अटॅच केलेल्या, म्हणजे आधीच चालू असताना डीबगरने धरलेल्या, प्रोसेसचा हिशेब वेगळा. तिच्या मरणाची खबर आधी ट्रेसरला, म्हणजे डीबगरला, मग खऱ्या पालकाला (तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसला). पालकाने वेट केलं नाही तर पीएस या प्रोसेसच्या यादीत झोंबी दिसतच राहतो, त्याचं खापर डीबगरवर फोडू नका.

जीडीबीसर्व्हर (दुसऱ्या यंत्रावरचा प्रोग्राम जीडीबीसाठी सांभाळणारा) असेल तर मारायच्या गोष्टी दोन. प्रोग्राम मारला तर कंटिन्यूनंतर एक्स ०९ पॅकेट, म्हणजे सिग्नल ९ ने मेल्याचा संदेश, यायला हवं. 'सेट डीबग रिमोट १' केलं की ते दिसतं. सर्व्हरच मारला तर कनेक्शन तुटल्याचा संदेश हवा, आणि सर्व्हरने स्वतः सुरू केलेला प्रोग्रामही सोबत संपायला हवा, कारण त्यावर एक्झिटकिल हा, ट्रेसर मेला की प्रोसेसही मारणारा, पीट्रेस पर्याय लावलेला असतो. हा पर्याय लिनक्स ३.८ पासूनचा, त्याहून जुन्या कर्नलच्या एखाद्या बोर्डवर हीच चाचणी चालवाल तर मागे उरलेली प्रोसेस हाताने मारावी लागेल.