खिळा लागला की टीटी, एवढ्यावर भागतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "पायात खिळा गेलाय. सहा महिन्यांपूर्वीच टीटी घेतलं होतं, परत घ्यायचं का?" टीटी म्हणजे धनुर्वाताची लस. तिचा मूळचा तीन डोसांचा कोर्स पूर्ण असेल तर नको. पण मोठ्या माणसांपैकी किती जणांचा तो पूर्ण असतो, हे विचारायला कुणी थांबत नाही.

धनुर्वाताचे जंतू मातीत, धुळीत, शेणखतात वर्षानुवर्षं तग धरतात. गंजाची भीती उगाच. गोठ्यातला चकचकीत खिळाही तितकाच वाईट. जखम खोल आणि तोंड बारीक असेल तर आत हवा पोचत नाही, तिथे हे जंतू वाढतात आणि विष सोडतात. लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात, बहुधा जबडा आखडण्यापासून सुरुवात होते. हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, म्हणून गावात बाकी सगळ्यांनी लस घेतली असली तरी तुम्हाला तिचा आडोसा मिळत नाही. एकदा धनुर्वात होऊन माणूस वाचला, तरी पुढच्या वेळी तो सुरक्षित नसतो. त्यालाही लस घ्यावीच लागते.

आता मुख्य गोष्ट. ज्यानं आयुष्यात कधी लस घेतलेली नाही, त्याला जखमेनंतर दिलेला पहिला डोस त्या जखमेपुरता उशिराच ठरतो. शरीराला प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) तयार करायला आठवडे लागतात, विष त्याआधी पोचू शकतं. अशा माणसाची जखम मळकी किंवा खोल असेल तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचं वेगळं इंजेक्शन, टिग, साधारणपणे २५० युनिट, दुसऱ्या जागी द्यावं लागतं. ते महाग असतं आणि सगळीकडे मिळतही नाही. जखम व्हायच्या आधीच लस घेऊन ठेवायची, ती यासाठी.

मोठ्या माणसाचा कोर्स तीन डोसांचा. पहिला, मग ४ आठवड्यांनी दुसरा, मग ६ ते १२ महिन्यांनी तिसरा. डोस ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. त्यानंतर दर १० वर्षांनी एक. जखम मळकी असेल आणि शेवटच्या डोसाला ५ वर्षं उलटली असतील तर तेव्हाही एक. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करू नका, राहिलेले घ्या. उलट, दर खरचटण्याला टीटी घेत राहिलं की दंड सुजून लाल होऊ शकतो आणि फायदा काहीच होत नाही.

बायकांना गरोदरपणात ही लस मिळते. भारतात माता आणि नवजात बाळांतल्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, त्यात या लसीचा मोठा वाटा आहे. घरातले पुरुष मात्र, विशेषतः आज पन्नाशी-साठीच्या पुढचे, अनेकदा कोरे असतात. ऊस तोडणारे, गोठा काढणारे, बांधकामावर राबणारे यांतही असे पुरुष असतात. त्यांच्यासाठी जीव तुटतो.

सरकारी लसीकरणात आता टीटीऐवजी टीडी देतात. तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण असतं. खासगीत घेत असाल तर टीडीच मागा, आणि एकदा तिच्या जागी डांग्या खोकल्याचा भाग असलेली टीडॅप घ्या. घरात तान्हं बाळ येणार असेल तर नक्की.

लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, पण गोठता कामा नये. गोठलेली कुपी वितळून जोरात हलवली, तर आतलं पांढरट औषध सारखं मिसळत नाही, कण दिसतात आणि लवकर तळाशी बसतात. अशी कुपी टाकून द्यायची. मेडिकलमधून लस घेऊन खिशात घालून दवाखान्यात जाऊ नका. ज्यांच्या फ्रीजमध्ये आहे त्यांच्याकडेच टोचून घ्या.

कुत्रा चावला आणि टीटी घेऊन माणूस घरी गेला, हे तर अजिबात चालत नाही. टीटीचा रेबीजशी काही संबंध नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं रेबीजच्या प्रतिद्रव्यांचं इंजेक्शनही मागा.

डोस घेतल्यावर तारीख, लसीचं नाव आणि पुढची तारीख फोनमध्ये लिहा, कुपीवरच्या बॅच नंबरचा फोटो काढा. "लहानपणी झालं असेल" या उत्तरावर डॉक्टरला कोर्स अपुरा धरूनच चालावं लागतं.