तुम्ही विचारलंत म्हणून: स्टीव्ह कॉपेलच का?

रविवारी सकाळी पोरांची फुटबॉलची प्रॅक्टिस संपली की कोणीतरी पालक हमखास विचारतात, "सर, तुमचा आवडता कोच कोण?" आणि मी स्टीव्ह कॉपेल म्हटलं की समोरचा चेहरा एकदम कोरा. फर्ग्युसन, गार्डिओला, क्लॉप असलं काहीतरी ऐकायची तयारी असते त्यांची. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "हो का? त्याने काय जिंकलं?" परवा आमच्या गोलकीपरच्या वडिलांनी हेच विचारलं, आणि आदल्याच दिवशी आपली पोरं ७-० ने हरलेली होती, त्यामुळे मला तिथे उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो.

मोठ्या ट्रॉफ्या बघायला गेलात तर कोच म्हणून त्याच्या नावावर फार काही नाही. मला तो आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी, सपाटून मार खाल्ल्यावर हा माणूस पुढे काय करतो त्यासाठी.

सप्टेंबर १९८९. कॉपेल इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेस क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, टीम नुकतीच वरच्या डिव्हिजनमध्ये आलेली, आणि ॲनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, लिव्हरपूलने त्यांना ९-० हरवलं. नऊ गोल, आठ वेगवेगळ्या खेळाडूंनी मारलेले! जॉन ॲल्ड्रिज क्लब सोडून स्पेनला चालला होता, तर त्याला निरोपाचा गोल मिळावा म्हणून खास पेनल्टी मारायला बेंचवरून आत आणलं, आणि त्याने मारलाही. पॅलेसलासुद्धा एक पेनल्टी मिळाली होती, ती कॅप्टन जेफ थॉमसने घालवली. म्हणजे त्या दिवशी काहीच सरळ होईना. आणि कॉपेल मूळचा लिव्हरपूलचाच, म्हणजे हे सगळं त्याच्या स्वतःच्या गावात.

आता आपल्याकडे असं झालं की काय होतं, माहितीये ना, अर्धी टीम बदला, कोचला हाकला. कॉपेलने काय केलं तर जे ठिगळ लावायला हवं होतं तेच लावलं. नोव्हेंबरमध्ये ब्रिस्टल रोव्हर्सकडून नायजेल मार्टिन हा गोलकीपर १० लाख पौंडांना आणला, ब्रिटनमध्ये गोलकीपरवर एवढे पैसे तोवर कोणी घातले नव्हते. डिफेन्समध्ये अँडी थॉर्नला आणलं. बाकी बरीचशी टीम तीच.

आणि एप्रिल १९९० मध्ये एफए कपच्या सेमीफायनलला समोर कोण, तर तेच लिव्हरपूल. त्यात इयन राइटचा पाय मोडलेला, म्हणजे सगळ्यात मोठा गोल मारणारा बाहेर. हाफ टाइमला पॅलेस ०-१ मागे, मग बरोबरी, मग पुढे, मग परत मागे, शेवटच्या काही मिनिटांत ३-३, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये कॉर्नर आला, थॉर्नने बॉल नुसता डोक्याने मागे सरकवला आणि ॲलन पारड्यूने हेडर मारून ४-३ केलं. चारपैकी तीन गोल फ्री किक आणि कॉर्नरवरून आलेले. लिव्हरपूल खेळायला लागलं की त्यांना कोणी आवरू शकत नव्हतं, पण बॉल हवेत आला की त्यांची गडबड व्हायची, आणि पॅलेसने नेमकं तिथेच बोट ठेवलं. मी पोरांना कॉर्नर घोटून घ्यायला लावतो ना, आणि ती कंटाळतात, त्याचं मूळ हे आहे. (फायनल मँचेस्टर युनायटेडशी ३-३ झाली आणि रिप्लेमध्ये, म्हणजे परत घेतलेल्या मॅचमध्ये, पॅलेस ०-१ हरलं. पुढच्या सीझनला लीगमध्ये तिसरे आले, त्या क्लबसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!)

पण तो इतक्या लवकर मॅनेजर झाला कसा, हेही सांगायला पाहिजे, कारण ते त्याने ठरवून केलेलं नव्हतं. ट्रॅन्मियर रोव्हर्समध्ये खेळता खेळता तो लिव्हरपूल युनिव्हर्सिटीत आर्थिक इतिहास शिकत होता. १९७५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने ६०,००० पौंडांना घेतला. उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेने हल्ला करणारा, सारखा पळणारा. १९७७ चा एफए कप जिंकला, आणि जानेवारी १९७७ पासून सलग दोनशेहून जास्त लीग मॅचेस खेळला, एकही न चुकवता. विंगरला दर आठवड्याला लाथा बसतात हो, त्यात दोनशेहून जास्त! ही साखळी तुटली नोव्हेंबर १९८१ मध्ये. वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध हंगेरी, हंगेरीच्या योझेफ टोटचा एक वाईट टॅकल, आणि गुडघा गेला. इंग्लंड ती मॅच जिंकून वर्ल्ड कपला गेलं, कॉपेलही १९८२ मध्ये स्पेनला जाऊन खेळला, पण गुडघा काही पूर्वीसारखा झाला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये खेळणं बंद. वय २८. इंग्लंडकडून ४२ मॅचेस झालेल्या होत्या, अजून कितीतरी व्हायला हव्या होत्या.

पुढच्याच उन्हाळ्यात तो पॅलेसचा मॅनेजर झाला, तोही २८ व्या वर्षीच. पैसा नाही, टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. तिथे त्याने इयन राइटला उचललं. राइट तेव्हा जवळजवळ २२ चा, कामगार माणूस, ग्रीनिच बरोकडून सेमी-प्रोफेशनल फुटबॉल खेळणारा, मोठ्या क्लबांनी ट्रायल घेऊन परत पाठवलेला. त्या वयात तेव्हा कोणी घेत नसे. त्याच्या बदल्यात ग्रीनिचला व्यायामाची वजनं दिली, एवढीच काय ती किंमत! तोच राइट पुढे १९९१ मध्ये २५ लाख पौंडांना आर्सेनलला गेला. आणि मे १९९३ मध्ये सीझनच्या शेवटच्या दिवशी पॅलेसला वरच्या डिव्हिजनमध्ये टिकायला एखादा पॉइंट हवा होता, समोर आर्सेनल, आणि गोल मारणाऱ्यांत राइट. पॅलेस ०-३ हरलं, ४९ पॉइंट असूनही नुसत्या गोल फरकावर खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. कॉपेलने राजीनामा दिला. ते वाचताना मला अजूनही कसंतरी होतं.

मँचेस्टर सिटीचं तुम्ही म्हणाल. १९९६ मध्ये तिथे फक्त ३३ दिवस टिकला. प्रेशरने तब्येतीवर परिणाम होतोय असं सांगून मोकळा झाला. लोकांनी काय काय बोलून घेतलं असेल, पण त्या काळात फुटबॉलच्या माणसाने हे उघडपणे म्हणायचं याला धाडस लागतं असं मला मनापासून वाटतं. काही महिन्यांतच परत पॅलेस सांभाळायला घेतलं आणि त्याच सीझनला प्ले-ऑफ (वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या मॅचेस) जिंकून टीम प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये नेली. मधे ब्रेंटफर्ड, ब्रायटन झालं, ते सोडतो.

मग रेडिंग, २००३. योगायोग बघा, तिथली खुर्ची रिकामी झाली कारण आधीचा मॅनेजर वेस्ट हॅमला गेला, आणि तो आधीचा मॅनेजर म्हणजे ४-३ वाला पारड्यू. २००५-०६ चा सीझन घरच्या मैदानावर प्लिमथकडून हरून सुरू झाला. त्यानंतर लीगमध्ये सलग ३३ मॅचेस हरले नाहीत. ४६ मॅचेसमध्ये फक्त दोन पराभव, १०६ पॉइंट, आणि रेडिंग क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये. खेळाडू कोण, तर आयर्लंडच्या कॉर्क सिटीतून स्वस्तात आणलेला केव्हिन डॉयल, तिथूनच आलेला शेन लाँग, अशी पोरं. वर गेल्यावर पहिल्याच वर्षी आठवा नंबर.

आता हा माणूस मी बघितला कुठे, ते. १९ नोव्हेंबर २०१६, अंधेरी. कॉपेल तेव्हा इंडियन सुपर लीगमधल्या केरला ब्लास्टर्सचा कोच, आणि मी मुंबई सिटीची जर्सी घालून घसा फोडून ओरडत होतो. मुंबईच्या डिएगो फोर्लानने पहिल्या पंधरा मिनिटांत दोन मारले, नंतर तिसरा मारून हॅटट्रिक, मग बाकीच्यांनी अजून दोन, ५-०. आपलीच टीम जिंकत होती, आनंद होताच, पण पाचव्या गोलनंतर माझं लक्ष पलीकडे टचलाइनवर गेलं. एवढ्या लांबून चेहरा काही दिसत नव्हता, एक ठेंगणा माणूस उभा होता इतकंच. आणि माझ्या डोक्यात ॲनफिल्ड आलं. शेजारच्या मित्राला मी म्हटलंसुद्धा, हे आता लवकर हरत नाहीत बघ.

उरलेल्या तीन लीग मॅचेस केरला हरले नाहीत. दोन जिंकल्या, एक ड्रॉ, दुसरा नंबर. सेमीफायनलला दिल्लीला पेनल्टीवर काढलं. मुंबई लीगमध्ये पहिली येऊनही सेमीला कोलकात्याकडून हरून बाहेर गेली होती, म्हणून १८ डिसेंबरची कोचीची फायनल मी घरी बसून बघितली. केरलाच्या मोहम्मद रफीचं हेडर गोलमध्ये गेलं तेव्हा सोफ्यावरून उठलोच मी. मग कोलकात्याच्या सेरेनोने बरोबरी केली, मग पेनल्टी, आणि कोलकाता जिंकलं. पूर्ण पिवळं स्टेडियम एकदम गप्प. मी टीव्ही बंद केला तेव्हा आईने विचारलं, "तुमची टीम होती का रे?" मी हो म्हटलं.