तुम्ही विचारलंत म्हणून : त्या अजगराचं तुम्ही करता तरी काय?

आमच्याकडे अजगर आहे हे सोसायटीत कळल्यापासून लिफ्टमध्ये मला तीन प्रश्न ठरलेले. भीती नाही का वाटत? चावला तर? आणि, त्याचं तुम्ही करता तरी काय? पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं, तो विषारी नाही. चावलाच तर बारीक दातांचे ओरखडे उठतात, साबणाने धुवायचे. तिसरा प्रश्न मात्र रास्त आहे. कुत्र्याला खाली फिरवून आणतात, मांजर मांडीवर येऊन बसतं, पोपटाला बोलायला शिकवतात. सापाचं काय करतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सापाचं फारसं काही करायचं नसतं. त्याच्या पेटीतल्या हवेचं करायचं असतं. लोक म्हणतात वहिनींनी अजगर पाळलाय. खरं तर मी तीन फुटांचं हवामान खातं चालवते आणि त्यात एक अजगर राहतो.

आधी एक गैरसमज काढते, कारण आम्ही बोरिवलीला राहतो आणि नॅशनल पार्क हाकेच्या अंतरावर आहे. हा तिथला नाही. आपल्याकडचा अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं सरळ गुन्हा. पावसाळ्यात असा एखादा पार्किंगमध्ये आला तर लांब उभं राहायचं आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. आमचा दगडू बॉल पायथन आहे, मूळचा घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेच्या पट्ट्यातला. घाबरला की डोकं आत घेऊन गोळा होतो. वाढून वाढून चार-पाच फूट. सध्या वर्षाचाही नाही, जाडी माझ्या अंगठ्याहून थोडी जास्त.

परदेशी म्हणजे मोकळं रान, असंही नाही. ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने असे प्राणी आपल्या कायद्याखाली आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मालक बदलला, पिल्लं झाली, प्राणी मेला, सगळं कळवायचं. दगडू भाच्याच्या ओळखीतून आला तो कागदांसकट. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते, बिस्किटांच्या पाकिटांत दडवलेले. स्वस्तातलं पिल्लू कुठल्या वाटेने आलेलं असू शकतं, ते यावरून समजा.

आता हवा. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, बाहेरून घेतो. अन्न पचवायला, आजाराशी लढायला, सगळ्याला ती ऊब लागते. म्हणून पेटीत एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२७. मधल्या फरकातून काय निवडायचं ते त्याने ठरवायचं. दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा हवी, आणि ती अगदी अंगाला अंग लागेल इतकी अडचणीची. आपल्याला वाटतं बिचाऱ्याला ऐसपैस द्यावं. पिल्लाला ऐसपैस म्हणजे उघड्यावर टाकल्यासारखं. लपायची एकच जागा ठेवली तर ऊब की सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं, आणि पिल्लू बहुधा सुरक्षितता निवडतं, मग खाल्लेलं नीट पचत नाही.

यावरची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले. त्यांचा सगळा जीव पेटी तापवण्यात. मुंबईत मे महिन्यात घरच ३३ अंशांवर असतं, तेव्हा प्रश्न उलटा होतो : गार टोक गार ठेवायचं कसं? थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून चालू-बंद करणारं यंत्र, हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. आमची पेटी म्हणून पश्चिमेच्या खोलीत नाही, मधल्या पॅसेजमध्ये आहे, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, जिथे लादीचा गारवा पोचतो. दुपारी फारच झालं तर बर्फाची बाटली पंच्यात गुंडाळून गार टोकाच्या जाळीवर ठेवते. एसी तिकडे लावत नाही, कारण एसी गारवा देतो आणि ओलावा काढून घेतो.

ओलाव्याचं प्रकरण तर वेगळंच. त्याला हवेत साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त. थंड देशातले लोक पाणी फवारून फवारून तिथपर्यंत पोचतात. आपल्याकडे जुलैत ती बाहेरच ऐंशीच्या वर. फवारणी बंद, पाण्याचं भांडं उबदार टोकाकडून गार टोकाला, आणि खालचा नारळाच्या सोडणांचा भुगा दर थोड्या दिवसांनी उपसून बघायचा, तळाला ओल धरून बुरशी आलेली नाही ना. हवा दमट चालते, पण पोटाखालची जमीन ओली चालत नाही. सतत ओल्यात बसला तर पोटाचे खवले लाल होऊन सडायला लागतात. जानेवारीत परत उलटं : उत्तरेचा वारा सुटला की आर्द्रता एकदम खाली, मग शेवाळ ओलं करून एका डब्यात भरून देते. भुगा आपल्याकडे सहज मिळतो, वास नसलेला कोकोपीट घ्यावा. देवदाराचा किंवा कुठल्याही वासाच्या लाकडाचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा सापाला त्रास होतो.

पेटी सुताराकडून करून घेतली. काय ठेवणार म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं, तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मॅडम, मग साधा प्लाय नको. पावसात फुगेल आणि दाराला फट पडेल.” सापाच्या पेटीबद्दल मला मिळालेला हा सगळ्यात कामाचा सल्ला. मरीन प्लाय, आतून सनमायका, सांधे सिलिकॉनने बंद, पुढे काचेची सरकती दारं आणि त्यांना शोकेसला असतं तसं कुलूप. सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडायचा नाही. डोकं जिथून जातं तिथून पिल्लाचं सगळं अंग जातं, म्हणून वायर जाणारं भोकही मोजून पाडलेलं.

रोजचं काम विचाराल तर थर्मोस्टॅटचा प्रोब. वायरच्या टोकाला असलेलं हे छोटं बोंडुक जिथे असेल तिथलं तापमान यंत्राला कळतं, आणि ते हीट मॅटच्या बरोबर वर, पक्कं हवं. रात्री फिरताना दगडूने ते ढकललं तर यंत्राला वाटतं पेटी गार पडली, आणि ते मॅट तापवतच राहतं. सापाला पोटाखालच्या चटक्याची जाणीव नीट होत नाही, तो भाजेपर्यंत तिथेच बसतो. म्हणून सकाळी चहा गॅसवर ठेवला की मी आधी तिकडे वाकून दोन्ही टोकांचे आकडे बघते. प्रोब चिकटवायला आत साधी चिकटपट्टी मात्र कधीच नाही. ती सापाच्या अंगाला चिकटली तर काढताना कातडी निघते.

खाणं. याबद्दल विचारायची लोकांना उत्सुकता फार आणि ऐकायची तयारी कमी. पिल्लाला आठवड्यातून एकदा, त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढ्या जाडीचा उंदीर, गोठवलेला. जिवंत उंदीर देऊ नये. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चावून चांगली जखम करतो. गोठवलेल्या उंदरांसाठी बाल्कनीत छोटा फ्रीजर वेगळा आहे. आमच्या फ्रीजमध्ये बोंबील, सुरमई, मटण सगळं नांदतं, पण हे नाही, यावर सासूबाई ठाम होत्या आणि त्यांचं बरोबरच होतं. उंदीर आदल्या रात्री काढून त्याचा बर्फ सुटू द्यायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात, आपल्या अंगाइतका गरम होईपर्यंत. मायक्रोवेव्ह नाही. का ते विचारू नका.

दगडूच्या वरच्या ओठावर बारीक खळ्यांची एक रांग आहे. त्या खळ्यांनी त्याला उष्णता जाणवते. उंदीर लांब चिमट्यात धरून पुढे केला की आधी नुसती मान किंचित आखडते. जीभ दोनदा बाहेर येते. मग काय झालं ते दिसतच नाही. दिसतं तेव्हा उंदराभोवती तीन वेटोळी पडलेली असतात. उंदीर मेलेलाच, पण त्याचं काम तो पूर्ण करतो, आवळून धरतो. मग सैल सोडतो, आणि डोकं कुठल्या बाजूला आहे ते नाकाने चाचपत शोधत राहतो. कधीकधी शेपटीकडून सुरुवात करतो, अडकतो, आणि पुन्हा शोधतो. त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर.

आणि कधी खातच नाही. ही जात उपासासाठी प्रसिद्धच आहे. मोठे साप महिनोन्‌महिने तोंड फिरवून बसतात. पिल्लाला तेवढी मुभा नाही, म्हणून मी दर आठवड्याला किचनच्या काट्यावर (वेगळ्या काट्यावर, सासूबाई) त्याचं वजन घेऊन वहीत लिहिते. वजन टिकून असेल तर गप्प बसायचं. उतरत असेल, किंवा तोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर डॉक्टर. सापांचं कळणारे डॉक्टर मुंबईतही मोजकेच, तेव्हा आधी डॉक्टर शोधा आणि मग साप आणा.

नागपंचमीला खालच्या मजल्यावरच्या काकू दूध-लाह्या घेऊन आल्या होत्या. साप दूध पीत नाही, ते त्याला पचत नाही, हे त्यांना सांगितलं. त्यांनी लांबून हात जोडले आणि वाटी माझ्या हातात दिली. बेनिनमध्ये विदा नावाच्या गावी या अजगरांचं देऊळच आहे, हे सांगितल्यावर त्या एकदम निवळल्या. “मग बरोबर आहे,” म्हणाल्या. लाह्या मी खाल्ल्या.

कात टाकणं हा एकच प्रसंग, जेव्हा घरातले सगळे पॅसेजमध्ये गोळा होतात. आधी रंग मळतो, मग डोळे दुधाळ निळे होतात. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, हात लावायचा नाही, खायलाही द्यायचं नाही. मग डोळे परत स्वच्छ होतात, आणि त्यानंतर थोड्या दिवसांत एका रात्री तो दगडाला नाक घासून ओठापासून कात सोडवतो आणि उलटा मोजा काढावा तसा तिच्यातून बाहेर येतो. कात एकसंध निघाली तर हवा बरोबर होती. तुकड्यातुकड्यांत निघाली तर ओलावा कमी पडला. मी ती पसरून आधी डोळ्यांच्या जागा बघते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तो कातीबरोबर गेला पाहिजे. मागे राहिला तर नखाने उकरायचा नाही.

तो मला ओळखतो का? मला नाही वाटत. माझा हात धोक्याचा नाही एवढं त्याला कळलंय, आणि मला तेवढं पुरतं. हातात घेतला की आधी घट्ट गोळा होतो, मग हळूहळू सुटून बांगड्यांच्या मधून वाट काढतो. दहा-पंधरा मिनिटं, की परत आत. मग दोघांनीही हात धुवायचे असतात. तो धूत नाही, मी साबणाने धुते, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. सासूबाई पहिले काही महिने पॅसेजमधून जाताना पदर सावरून भिंतीकडून जायच्या. आता दुपारी खुर्ची टाकून पेटीसमोर बसतात आणि मी ऑफिसातून आले की विचारतात, “अगं, आज हलला नाही गं हा. बरा आहे ना?” बरा असतो. दिवसा हलायचं त्याचं कामच नाही.

मला कोणीच विचारत नाही तो प्रश्न म्हणजे, किती वर्षं? नीट ठेवला तर वीस-तीस सहज. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. माझी पन्नाशी उलटलीय. हिशोब करून मी भाच्याला समोर बसवलं, आणि माझ्यानंतर दगडू तुझा, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. त्याचं लग्न ठरलंय. मुलीकडच्यांना अजून सांगायचंय.