बेल्व्हाबाईंची सनद

गेल्या रविवारी सकाळी मेट्रोने पोटोमॅक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनावर उतरले आणि चालत काँग्रेशनल सिमेट्रीत गेले. वॉशिंग्टनची ही जुनी दफनभूमी अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या बाजूला आहे. आसपासचे लोक वर्गणी भरून इथे कुत्री फिरवायला आणतात. मी गेले होते एका वकीलबाईंना भेटायला. त्यांचं नाव बेल्व्हा लॉकवूड.

माझी त्यांची ओळख पाच वर्षांपूर्वीची. कोल्हापूरला जिल्हा न्यायालयात चार वर्षं वकिली करून लग्नानंतर मी व्हर्जिनियात आले, तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायची मुभा नव्हती. सनद कपाटात आणि मी घरात. ते दिवस फार जड गेले. रोज वाचनालयात जाऊन बसायचे आणि तिथेच बेल्व्हाबाईंनी वकील होण्याच्या धडपडीबद्दल १८८८ साली लिहिलेला लेख हाती लागला. उभ्या उभ्याच वाचून काढला.

जन्म १८३०चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉयल्टन गावचा. अठराव्या वर्षी लग्न, पाच वर्षांत वैधव्य, पदरी लहान मुलगी. शाळेत शिकवत असताना पुरुष शिक्षकाच्या निम्म्या पगारावर राबायचं. १८६६मध्ये त्या मुलीला घेऊन वॉशिंग्टनला आल्या. कायदा शिकायचा म्हणून कोलंबियन कॉलेजात अर्ज केला, तर उत्तर आलं की तुमच्या उपस्थितीने तरुण विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होईल. मग नॅशनल युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलने पंधरा बायकांना घेतलं. त्यातल्या दोघींनीच अभ्यासक्रम पुरा केला, तर मुलगे अडून बसले : बायकांच्या बरोबरीने आम्ही पदवी घेणार नाही. पदवी अडकली.

तेव्हा या बाईंनी कुणाला पत्र लिहावं? राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना, कारण पदसिद्ध अधिकाराने तेच त्या लॉ स्कूलचेही अध्यक्ष होते. पत्र जेमतेम चार ओळींचं. आशय असा, की आपण या संस्थेचे अध्यक्ष असाल तर मी अभ्यासक्रम पुरा केला आहे, माझी पदवी मला द्या. अध्यक्ष नसाल तर संस्थेच्या कागदांवरून आपलं नाव काढून घ्या. थोड्याच दिवसांत पदवी हातात पडली. साल १८७३, वय बेचाळीस. नोटीस कशी लिहावी हे माझ्या सीनियरांनी मला शिकवलं, पण इतकी नेमकी नोटीस मी आजवर पाहिलेली नाही.

पुढचा प्रसंग त्यांच्या लेखातलाच. १८७४मध्ये सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या कोर्ट ऑफ क्लेम्समध्ये त्या उभ्या राहिल्या, तेव्हा न्यायाधीश म्हणाले, ‘मिसेस लॉकवूड, आपण स्त्री आहात.’ बाईंनी कबूल केलं. तारीख पडली. पुढच्या तारखेला ऐकू आलं, ‘आपण विवाहित स्त्री आहात.’ त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. नवऱ्याच्या संमतीनेच आले आहे, असं त्या म्हणाल्या, पण उपयोग झाला नाही. त्या काळच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने करार करायलाच मर्यादा होत्या, मग ती अशिलाचं वकीलपत्र घेणार कशी, असा तो पेच.

१८७६मध्ये सुप्रीम कोर्टानेही दार लावलं : आजवरचा प्रघात पुरुषांचाच आहे. बाई म्हणाल्या, मग कायदाच बदलू. तीन वर्षं काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांचे उंबरे झिजवले. फेब्रुवारी १८७९मध्ये कायदा झाला आणि ३ मार्चला सुप्रीम कोर्टाची सनद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पुढच्याच वर्षी सॅम्युअल लॉवरी या कृष्णवर्णीय वकिलाच्या सनदेसाठी त्यांनीच शिफारस केली. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. स्वतःला आत शिरून पुरतं वर्ष-दीड वर्षही झालेलं नसताना दुसऱ्यासाठी दार धरून उभं राहायचं!

त्याच १८७९मध्ये हिंदुस्थानात लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्ट आला. त्यातल्या ‘व्यक्ती’मध्ये बाई बसत नाही, असं १९१६मध्ये कलकत्ता हायकोर्टाने वकिलीसाठी अर्ज केलेल्या रेजिना गुहांना सुनावलं. नेमका हाच शब्द बेल्व्हाबाईंनाही आडवा आला होता, तोही व्हर्जिनियात. त्या राज्याचा कायदा म्हणत होता की दुसऱ्या राज्यात वकिली करणाऱ्या कोणाही ‘व्यक्ती’ला इथे वकिली करता येईल. १८९४मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ‘व्यक्ती’ म्हणजे फक्त पुरुष की कसं, ते व्हर्जिनियाने ठरवावं. हा निकाल मी व्हर्जिनियातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून वाचला आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

१८८४ आणि १८८८ अशा दोन वेळा त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. मला मत देता येत नाही, पण मला मत देण्याची कुणाला बंदी नाही, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. पुरुषांनी बायकांचे झगे घालून टवाळीच्या मिरवणुका काढल्या. स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतल्या मोठ्या बायकांनाही ही उमेदवारी रुचली नाही. तरी पहिल्या खेपेला चार हजारांवर मतं पडली, सगळी पुरुषांची. आपल्या आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होत्या.

वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून त्या तीनचाकी सायकलवर कामाला जात. युनिव्हर्सल पीस युनियनतर्फे युरोपातल्या शांतता परिषदांना जात, आणि तिथेही वकिलासारखंच बोलत : देशांनी आपली भांडणं लवादापुढे न्यावीत, रणांगणावर नव्हे. पंचाहत्तराव्या वर्षी, १९०६मध्ये, सुप्रीम कोर्टात चेरोकी या मूळनिवासी लोकांचा खटला त्या लढल्या. या लोकांना जबरदस्तीने देशोधडीला लावलं, त्या वेळच्या थकलेल्या रकमेचा तो दावा होता. व्याजासकट सुमारे ५० लाख डॉलर मंजूर झाले.

१९ मे १९१७ रोजी त्या गेल्या. अमेरिका महायुद्धात उतरून तेव्हा सहा आठवडे झाले होते.

मला आता कामाची परवानगी मिळाली आहे आणि मी वॉशिंग्टन डी.सी.च्या बार परीक्षेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेचा, अभ्यास करते आहे. संध्याकाळी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, ‘मग शेवटी त्यांना मत देता आलं का गं?’ नाही आलं, आई. बायकांना हक्क देणारी घटनादुरुस्ती झाली १९२०मध्ये. आणि वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्यांना, मग ते पुरुष का असेनात, राष्ट्राध्यक्ष निवडायला पहिल्यांदा मत देता आलं ते १९६४मध्ये.