जुनी बिझेन फुलदाणी घेतली, त्याचा अनुभव

इकेबानाच्या (जपानी पुष्परचनेच्या) क्लासला सेन्सेईंच्याच, म्हणजे शिकवणाऱ्यांच्याच, फुलदाण्या वापरतो आम्ही सगळे, पण घरी सराव करायला स्वतःची एक तरी हवी ना, आणि मला ती चकचकीत ग्लेझवाली नकोच होती, लाकडाच्या भट्टीत भाजलेली, बिनग्लेझची जपानी बिझेनच हवी होती. नावाजलेल्या कलाकाराची नवीन घ्यायची तर किंमत बघून हात मागे येतो. मी ओसाकाला राहते, क्योतो जवळच, आणि तिथल्या तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो, जुन्या वस्तू भरपूर असतात, म्हणून तिकडे गेले.

बिझेन म्हणजे ओकायामातलं इंबे गाव आणि आसपासचा भाग. (पुण्यात सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान बघितलंय ना, ते ज्या कोराकुएन बागेवरून केलंय ती बाग पण ओकायामातलीच.) भातशेतीच्या खालची चिकट माती काढतात, ग्लेझ अजिबात लावत नाहीत, आणि लाल पाइनची लाकडं घालत दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडे भट्टी पेटती ठेवतात, आत १२०० डिग्रीच्या वर जातं. लाकडाची राख उडून भांड्यावर बसते आणि वितळते, त्याचे तीळ पसरल्यासारखे पिवळट ठिपके होतात, तो गोमा. भाताचा पेंढा गुंडाळून भाजलं की लाल रेघा उमटतात, तो हिदासुकी. आणि जे भांडं निखाऱ्यात-राखेत अर्धं गाडलं जातं ते करडं-निळसर होतं, तो सांगिरी. म्हणजे रंगाचं बरंचसं काम आगीचंच, कुंभाराने फक्त कुठलं भांडं कुठे ठेवायचं ते ठरवायचं.

बाजारात बिझेन म्हणून काय वाट्टेल ते विकतात. गॅसच्या भट्टीत राख शिंपडून केलेला गोमा पण असतो. सेन्सेईंनी सांगून ठेवलं होतं की राख सगळीकडून सारखी दिसली तर जरा संशय घ्यायचा, खऱ्या भट्टीत ती आगीकडच्या अंगावर आणि खांद्यावर जास्त बसते. मग बूड उलटं करून कुंभाराचा शिक्का बघायचा, तोंडाच्या कडेवरून बोट फिरवायचं, आणि आपल्याकडे मडकं वाजवून घेतात तशीच टिचकी मारायची! चांगलं भाजलेलं बिझेन धातूसारखं खणखणीत वाजतं, चीर असली की आवाज बद्द येतो. मला आवडलेली फुलदाणी साधारण वीतभर उंच, अरुंद तोंडाची, एका अंगाला भरपूर गोमा आणि मागून नुसती तांबूस-तपकिरी, आवाज मस्त. सोबत किरी लाकडाची पेटी होती, झाकणावर शाईने नाव, पण झाकणावरचा शिक्का आणि बुडावरचा शिक्का काही जुळेना. विक्रेता म्हणाला पेटी दुसऱ्याची असेल, आणि किंमत उतरवली. स्वतःची पेटी असली की किंमत बरीच चढते हे खरं, पण मला फुलं लावायची होती, दुकान नव्हतं टाकायचं, घेतली.

घरी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली तर म्हणे, "अगं, हे जळकं मडकं? आणि ह्याचे पैसे दिलेस?"

आता खरं काम. साबण लावायचा नाही, नुसत्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने आतला जुना गाळ काढायचा. मग पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली, सकाळी खाली ओलं वर्तुळ. बिझेन सहसा इतकं झिरपत नाही, शिगाराकी ही दुसऱ्या प्रकारची जपानी मातीची भांडी वापरणारे ह्याचं जास्त रडत असतात. उपाय मात्र आमच्या कोकणातल्या घरातलाच निघाला, भाताची पातळ पेज आत भरून ठेवायची, स्टार्च बारीक छिद्रात बसतो. पहिल्यांदा फरक पडला, दुसऱ्यांदा केल्यावर ओल जवळजवळ थांबली. नाहीच थांबलं तर आत बसणारी धातूची किंवा बांबूची नळी घालतात, किंवा वॉटरप्रूफिंगचं लिक्विड मिळतं, पण ते मला आत ओतवेना.

फुलं लावताना उंच फुलदाणीत फुलं खोचायची काट्यांची चकती वापरत नाहीत. तोंडात आडवी काडी ठोकून बसवायची एक पद्धत आहे, पण जुन्या भांड्याच्या कडेवर तेवढा ताण द्यायला मी तयार नव्हते, म्हणून फांदीचं टोक चिरून त्यात दुसरी काडी अडकवली, ती आतल्या भिंतीला टेकते आणि फांदी उभी राहते. मी गोम्याचं अंग समोर घेऊन कामेलियाच्या दोन फांद्या आणि एक फूल लावलं होतं. सेन्सेईंनी फुलदाणी थोडीशी फिरवली, गोमा जिथे संपतो ती कड समोर आणली आणि एक फांदी काढूनच टाकली. बास. गर्दी चालतच नाही ह्या भांड्याला, आणि भांडं आधी ओलं करून घेतलं तर रंग असा काही उठतो की फुलाची पण निवड बदलते, पिवळं मला आता त्यात बघवत नाही.

कोणी घेणार असेल तर एवढं बघा: बूड खरखरीत असतं, लाकडी शेल्फवर चरे पडतात, खाली फेल्टचा तुकडा ठेवा. आणि वापरून झाली की लगेच पेटीत घालू नका, उलटी करून बरेच दिवस वाळू द्या, वरून कोरडी दिसली तरी आत ओल राहते आणि पेटीसकट बुरशी येते.