पदग्रहणापासून चष्मेवाटपापर्यंत

तालुक्याच्या गावातल्या सेवाभावी क्लबचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, जानेवारीतही नाही. रोटरी असो की लायन्स, खांदेपालट १ जुलैला. त्यामुळे पदग्रहण समारंभ म्हटलं की बाहेर धो धो पाऊस, मंगल कार्यालयाच्या दारात छत्र्यांचा ढीग, मावळत्या अध्यक्षांनी नव्यांच्या गळ्यात घातलेली अध्यक्षपदाची कॉलर आणि प्रमुख पाहुण्यांचं न संपणारं भाषण, हे ठरलेलंच. जनरेटरमध्ये डिझेल आहे का हे आदल्या दिवशी कुणी पाहिलं नाही, तर नेमका शपथेच्या वेळी माइक बंद पडायचा. या समारंभाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. गावाला क्लब आठवतो तो शिबिरांमुळे.

रक्तदान शिबिराच्या तारखेवरून दरवर्षी सभेत खडाजंगी व्हायची. कुणाला १५ ऑगस्ट हवा, कुणाला कुणाचा तरी वाढदिवस साधायचा. रक्तपेढीवाले मात्र मे महिना मागायचे, आणि त्यांचंच बरोबर असायचं. मे महिन्यात कॉलेजं बंद, तरुण पोरं लग्नसराईत, पेढीत खडखडाट. बरं, आधीच भरपूर जमवून ठेवावं म्हटलं तर साध्या पिशवीतलं रक्त थंड कपाटात ३५ दिवस टिकतं आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच. एकाच दिवशी तीनशे पिशव्या काढल्या की फोटो झकास येतो, पण खप नसेल तर त्यातल्या काही पुढे फेकून द्याव्या लागतात. वर्षात साठ-साठ पिशव्यांची चार शिबिरं केव्हाही बरी.

शिबिरात पोरांची सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती निळ्या बाटलीपाशी. मोरचुदाच्या द्रावणात बोटातल्या रक्ताचा थेंब सोडायचा. तो सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे पास. मध्येच रेंगाळला किंवा वर आला तर दात्याला परत पाठवायचं. परत जाणाऱ्यांत मुली जास्त असायच्या आणि हिरमुसून जायच्या. म्हणून शेजारीच आहार समजावून सांगणारं कुणीतरी बसवायचं. वजन किमान ४५ किलो हवं. त्यातही एक गोम आहे. वजनकाटा सतरंजीवर ठेवला की चुकीचं वजन दाखवतो, तो उघड्या फरशीवरच हवा.

चक्कर येण्याचं मुख्य कारण म्हणजे रिकामं पोट. रक्त तपासायला उपाशी जातात, मग द्यायलाही तसंच जायचं असणार, असा कित्येकांचा पक्का समज. म्हणून शिबिर चतुर्थीला, श्रावणी सोमवारी किंवा नवरात्रात घेऊ नये आणि पत्रकावर ‘नाश्ता करून या’ हे तारखेइतक्याच मोठ्या अक्षरात छापावं. खाटेवर फारसं कुणी कोसळत नाही. उठून कॉफीच्या टेबलापाशी गेलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून सगळ्यात चाणाक्ष कार्यकर्ता तिथेच उभा करायचा. चक्कर आलेल्याला खुर्चीत बसवू नये; आडवं करावं, पाय उंच ठेवावेत आणि वारा घालायला जमलेल्या दहाजणांना आधी हाकलावं.

पोलिओ रविवारची मजा वेगळीच होती. लहान मुलांना एकाच दिवशी पोलिओचे थेंब पाजण्याची पल्स पोलिओ मोहीम देशात १९९५ साली सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षं गावोगावचे क्लब त्या दिवशी बूथवर हजर असायचे. लस सरकारची, नर्सताई आरोग्य केंद्राच्या. आम्हा क्लबवाल्यांकडे मांडव, रिक्षावरचा भोंगा, शिट्ट्या-फुगे आणि सगळ्यांचा नाश्ता. लसीच्या डब्यात चार बर्फाचे पॅक असायचे. डबा सावलीतच ठेवायचा आणि झाकण उगाच उघडायचं नाही, ही ताकीद प्रत्येक नव्या पोराला द्यावी लागायची. कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस चालते. दोन्हींचा रंग सारखा झाला की कुपी बाद. दोन थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. ती नखावर आणि नखालगतच्या कातडीवर अशी दोन्हीकडे आली पाहिजे, नाहीतर आंघोळीत पुसट होते आणि दुसऱ्या दिवशी घरोघर फिरणारी ताई त्याच बाळाला पुन्हा थेंब पाजते. तसं पाजल्यानं अपाय काही नाही, हिशोब तेवढा चुकतो. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्या वर्षीच्या पेढ्यांवर क्लबचाही थोडा हक्क होताच.

नाश्ता म्हणजे पोहे. शंभर माणसांना साडेसात-आठ किलो जाड पोहे आणि चारेक किलो कांदा. सगळे पोहे एकदम भिजवले की तळाचा गोळा होतो. दोन-दोन किलोंचे घाणे निथळून परातीत मोकळे करायचे आणि मीठ-साखर तिथेच चोळायची. चहाला हात आखडता घ्यायचा नाही, पण कप लहान.

आणि मग मोतीबिंदू शिबिर. वर्षभराचा खरा कस इथे लागायचा. फार पूर्वी शाळेच्या वर्गांत टेबलं मांडून ऑपरेशनं व्हायची आणि जाड भिंगाचे चष्मे मिळायचे. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे ती पद्धत मागे पडली. मग गावात फक्त तपासणी, ऑपरेशन शहरातल्या रुग्णालयात आणि डोळ्यात कृत्रिम भिंग, अशी घडी बसली. त्यानं क्लबचं काम कमी झालं नाही, उलट वाढलं. आता बस आली, मुक्काम आला, परतीची तपासणी आली.

दिवस निवडायचा तो सुगी आटोपल्यावरचा. आधीच्या आठवडी बाजारात भोंगा फिरवायचा, कारण आजीला शिबिराची बातमी कळते ती बाजारातून आलेल्या माणसाकडूनच. नोंदणीच्या टेबलावर तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: नाव, गाव आणि ज्याच्या घरी फोन लागतो त्याचं नाव. एका गावात एकाच नावाच्या दोन-तीन आज्या हमखास असतात, त्यामुळे हाक नावानं मारायचीच नाही. मनगटाला नंबरची पट्टी बांधायची.

रांगेचा क्रम चुकला की सगळा दिवस वाया. आधी सहा मीटरवरून तक्ता वाचून घ्यायचा. अक्षरओळख नसेल त्यांना वेगवेगळ्या दिशांना तोंड फिरवलेल्या इंग्रजी ‘E’चा तक्ता. आजोबा बोटं कुठे वळवतात ते बघायचं आणि दुसरा डोळा तळहातानं झाकून घ्यायचा. बोटांनी झाकला की फटीतून बघतात. चष्म्याचा नंबरही तेव्हाच काढायचा. बाहुली मोठी करणारे थेंब त्यानंतर. थेंब आधी पडले तर नंबर बिनभरवशाचा येतो. थेंब घातलेल्या माणसाला काही तास जवळचं नीट दिसत नाही आणि ऊन सोसत नाही, म्हणून त्याला एकट्याला एसटीत बसवायचं नाही. रक्तदाब, साखर आणि अश्रुनलिकेची तपासणी व्हायची. साखर फार वाढलेली असेल तर त्याचं नाव पुढच्या खेपेला. यावरून नातेवाइकांशी हुज्जत ठरलेली, पण डॉक्टर ऐकत नसत आणि ते बरंच होतं.

निवडलेल्यांच्या ज्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं, त्याच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावला जायचा. काही आज्या ओढणाऱ्या पट्टीनं वैतागून ती काढायच्या आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवायच्या. म्हणून कागदावर ‘उजवा’ किंवा ‘डावा’ पूर्ण अक्षरी, आणि बसमध्ये चढताना पुन्हा एकदा पट्टी व कागद यांची ताडणी. बसमध्ये उलटीच्या पिशव्या, पाणी आणि दर दहाजणांमागे एक बाई कार्यकर्ती हवीच.

परत आल्यावर काळा चष्मा, ठरलेल्या वेळी थेंब, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. चुलीपासून लांब राहा हे सुनेला सांगायचं, सासूला सांगून उपयोग नसतो. थेंबांच्या दोन बाटल्यांचा घोळ व्हायचा, म्हणून एकीच्या टोपणाला दोरा बांधून द्यायचा आणि दोऱ्याची दिवसातून किती वेळा, बिनदोऱ्याची किती वेळा हे तोंडपाठ करून घ्यायचं.

चष्मेवाटप साधारण सहा आठवड्यांनी, डोळा स्थिरावून पक्का नंबर निघाल्यावर. त्या दिवशी गर्दी मोठी आणि गडबडही. सगळ्या डब्या सारख्याच काळ्या, त्यामुळे चिठ्ठी डबीवर न चिकटवता आत चष्म्याच्या काडीला गुंडाळायची. चष्मा घातल्यावर प्रत्येकाकडून पोथीतली किंवा पंचांगातली एक ओळ वाचून घ्यायची, न वाचणाऱ्यांना सुईत दोरा ओवायला द्यायचा. दोरा ओवला गेला की सही किंवा अंगठा, आणि पुढचा नंबर.